चक्रीवादळांचा विध्वंस आणि सुरक्षित वस्तीस्थानाचा प्रश्न : वर्धा-पैनगंगा खोऱ्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

ऑगस्ट २००५ च्या अखेरीस 'कॅटरिना' या चक्रीवादळाने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे पूरसंरक्षक बांध फोडले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तेराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर हजारो कुटुंबांनी त्या शहरात पुन्हा न परतण्याचा निर्णय घेतला. 'राहावे तरी कोठे?' हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता आणि त्यांपैकी अनेकांना शेजारच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन हे महानगर जवळचे, मोठे आणि सुरक्षित वाटले. लाखाहून अधिक विस्थापितांना या महानगराने आसरा दिला. बरोबर बारा वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, 'हार्वे' चक्रीवादळ टेक्सासवर येऊन रेंगाळले. काही ठिकाणी चार-पाच दिवसांत १५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि ह्यूस्टन बुडाले. ज्यांनी पाण्याच्या भीतीने एक शहर सोडले, त्यांच्यातील काहींच्या नव्या घरातही पाणी शिरले.

यावर असे म्हणता येईल की, ह्यूस्टनही समुद्राजवळचेच. समुद्रापासून दूर, उंचावर जावयास हवे होते. उत्तर कॅरोलायना राज्यातील डोंगराळ भागात वसलेले अॅशव्हिल हे असेच शहर होय. हवामानबदलाच्या काळातील आश्रयस्थान म्हणून तेथील वृत्तपत्रांतून त्याचा उल्लेख होत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये 'हेलेन' हे चक्रीवादळ शेकडो किलोमीटरचा भूप्रवास करून तेथे पोहोचले. वाऱ्याचा जोर तोवर बराच ओसरला होता. परंतु डोंगरांवर पडलेल्या पावसाने नद्यांना असा पूर आला की, शहराची नळयोजना कित्येक आठवडे विस्कळीत राहिली.

आपत्तीनंतर सुरक्षित जागेचा शोध घेणे ही मानवाची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. मात्र हा शोध बहुधा नुकत्याच घडलेल्या आपत्तीच्या विरुद्ध दिशेने धावतो. समुद्राने मारले की माणूस डोंगराकडे पाहतो, भूकंपाने मारले की सपाटीकडे. जागेची सुरक्षितता ही जणू त्या जागेला चिकटलेला एक कायमस्वरूपी गुण आहे, असे या विचारात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या, विशेषतः गडचांदूर परिसराच्या संदर्भात केला आहे.

वादळ जमिनीवर आल्यानंतर

हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ ही एकाच नैसर्गिक घटनेची तीन महासागरांतील तीन नावे आहेत. भारतीय हवामान खात्याच्या प्रतवारीनुसार ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वाऱ्याच्या प्रणालीस कमी दाबाचे तीव्र क्षेत्र (रूढ शब्दांत 'डिप्रेशन'), ५० ते ६१ किलोमीटर असल्यास अतितीव्र क्षेत्र आणि ६२ किलोमीटरपासून पुढे चक्रीवादळ म्हटले जाते. ही प्रतवारी वाऱ्याच्या वेगावर आधारलेली आहे, पावसावर नव्हे. ही बाब वरवर तांत्रिक वाटली तरी विदर्भाच्या दृष्टीने कळीची आहे. उष्ण समुद्राच्या पाण्यातून मिळणारी ऊर्जा तुटताच जमिनीवर आलेल्या वादळाचा वारा झपाट्याने मंदावतो, त्याचे नाव बातम्यांतून नाहीसे होते, आणि लोकांना वाटते की वादळ संपले. प्रत्यक्षात त्याने समुद्रावरून उचललेली वाफ तशीच असते. ती पुढे कोठे रिती होते, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

चंद्रपूरपासून बंगालचा उपसागर सरळ रेषेत चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. या अंतरामुळे येथील सर्वसामान्य माणसाच्या मनात चक्रीवादळ हा आंध्र-ओडिशाचा प्रश्न आहे, अशी समजूत दृढ झालेली आढळते. तथापि, पावसाळ्यात उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे मान्सूनच्या आसाला धरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भात येतात. जुलै-ऑगस्टमधील मोठे पाऊस बहुतांशी या पाहुण्यांचेच असतात. नामकरण झालेल्या वादळाचे अलीकडील उदाहरण 'गुलाब'चे आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी त्याने उत्तर आंध्र व दक्षिण ओडिशाचा किनारा ओलांडला, तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावर अतिवृष्टी केली आणि अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' हे नवे नाव धारण केले. २८ सप्टेंबर रोजी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ दहागाव येथील नाल्याच्या पुरात राज्य परिवहन महामंडळाची बस वाहून गेली व प्रवाशांचे बळी गेले. उमरखेड तालुका पैनगंगेच्या खोऱ्यात येतो. हीच पैनगंगा पुढे वणी आणि कोरपना यांच्यामधून वाहत वर्ध्येला मिळते. तात्पर्य, किनाऱ्यावर छपरे उडविणारे वादळ येथपर्यंत पोहोचते ते नाल्याच्या रूपाने. त्यास येथे कोणी वादळ म्हणत नाही, इतकेच.

परक्या पावसाचे पाणी

चंद्रपूर-गडचिरोलीचे भौगोलिक स्थान पाहिल्यास एक गोष्ट ध्यानी येते. वर्धा नदी मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्याच्या मुलताई पठारावर उगम पावते, वैनगंगा शिवनी जिल्ह्यात, तर पैनगंगा बुलढाण्याच्या अजिंठा डोंगररांगेत. विदर्भाच्या बऱ्याच मोठ्या भागाचे पाणी या तीन नद्या गोळा करतात. वढा येथे पैनगंगा वर्ध्येला मिळते. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. आणि सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीस मिळते. म्हणजे विदर्भाच्या छपरावरचे पाणी ज्या पन्हाळीतून बाहेर पडते, त्या पन्हाळीच्या तोंडाशी हे दोन जिल्हे बसलेले आहेत.

याचा परिणाम असा की, येथील पूर हा पुष्कळदा परक्या पावसाचा असतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून मोठा विसर्ग सुटला, आणि गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडावी लागली. खाली ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडज, पिंपळगाव, बेलगाव या गावांना वैनगंगेने वेढले. लाडज हे तर चारही बाजूंनी नदीने वेढलेले बेटच. आकाश मोकळे असताना घरात पाणी शिरावे, ही त्या वेळची परिस्थिती. पावसाकडे पाहून सामान हलविण्याचा पिढीजात अनुभव अशा पुरात उपयोगी पडत नाही. वरच्या धरणाचा निरोप वेळेवर येणे हाच एकमेव इशारा असतो.

दुसरी बाब पाणी मागे दाबले जाण्याची. मुख्य नदी दुथडी भरली की उपनदीच्या पाण्यास वाट मिळत नाही आणि ती उलट फुगू लागते. वृत्तपत्रांतून यास 'बॅकवॉटर' म्हटले जाते. चंद्रपूर शहराच्या पश्चिमेने वाहणारी इरई नदी शहराच्या दक्षिणेस वर्ध्येला मिळते. वर्धा भरलेली असताना इरई धरणाचे दरवाजे उघडले गेले, तर रहमतनगर, सिस्टर कॉलनी, बिनबा गेट परिसर या वस्त्यांत पाणी येते. २०१३ आणि २०२२ या दोन्ही वर्षी ते आले. त्यातच कोळसा खाणींतून निघालेल्या मातीचे ढिगारे नदीकाठी रचले गेल्याने इरईचे पात्र आकसल्याची तक्रार पर्यावरण कार्यकर्ते दीर्घकाळ करीत आले आहेत. ढिगाऱ्यांची उंची आणि नदीपात्राची रुंदी ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिली आहे, त्यास या तक्रारीसाठी वेगळ्या पुराव्याची फारशी गरज भासणार नाही.

जुलै २०२२ चा पूर या सर्व घटकांचा एकत्रित परिणाम होता. वर्धा, पैनगंगा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी एकाच वेळी भरल्या. १६ जुलै रोजी तेलंगणातील भद्राचलम येथे गोदावरीची पातळी ७१.३ फुटांवर पोहोचली; १९८६ मधील ७५.६ फुटांनंतरची ही सर्वांत मोठी पातळी होय. सिरोंचा तालुक्यातील नदीकाठच्या गावांना घरे सोडून उंच जागी जावे लागले. २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या मेडीगड्डा बॅरेजमुळे आपल्या शेतात पाणी अधिक काळ थांबते, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार त्यापूर्वीपासून होतीच. भामरागडचा प्रश्न आणखी निराळा. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमाशी वसलेले हे तालुक्याचे ठिकाण इंद्रावती फुगली की बुडते, आणि हे दशकातून एकदा नव्हे, तर एकाच पावसाळ्यात अनेक वेळा घडते. तेथील दुकानदार माल वरच्या फळीवर ठेवण्याची तयारी उन्हाळ्यातच करून ठेवतो.

राजधानीची जागा

सुरक्षित जागेचा शोध या प्रदेशास नवा नाही. १८६९ च्या जमीन महसूल व्यवस्थेच्या अहवालात मेजर ल्युसी स्मिथ यांनी नोंदविलेली आणि आजही घरोघरी सांगितली जाणारी आख्यायिका अशी : गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा याची राजधानी वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे होती. राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीस गेला असता झरपट नदीच्या पात्रातील एका खळग्यातील पाणी त्याने प्यायले, हातपाय धुतले आणि त्याच्या गाठी नाहीशा झाल्या. तेथेच पुढे अंचलेश्वराचे स्थान प्रकट झाले. नंतर त्याच परिसरात एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. राणीच्या सल्ल्याने सशाच्या धावेची रेषा हीच नव्या नगराच्या परकोटाची रेषा ठरली, आणि पुढील राजांच्या काळात तो परकोट पूर्ण झाला.

आख्यायिकेस इतिहास मानण्याचे कारण नाही. तरी तिच्यातील निवड विचार करण्यासारखी आहे. मोठ्या नदीच्या थेट काठावरील राजधानी सोडून राजा दोन लहान नद्यांच्या, इरई आणि झरपट यांच्या, मधल्या भूमीवर येतो आणि भोवती दगडी तट उभारतो. शत्रूसाठी बांधलेला तट पाण्यासही अडवतो. इरईच्या पुराचा फटका बसणाऱ्या वस्त्या आज प्रामुख्याने परकोटाबाहेर, तट आणि नदी यांच्या दरम्यान आहेत. जुन्या नगराने जी जागा नदीसाठी सोडली होती, ती गेल्या काही दशकांत प्लॉट पाडून विकली गेली. तेथे घर घेणारा अज्ञानी असतो असेही नाही. त्याच्या खिशाला तेवढीच जागा परवडते. शहरातील सर्वांत धोकादायक जमीन सर्वांत स्वस्त असते आणि म्हणून सर्वांत गरिबाच्या वाट्यास येते, हा नियम न्यू ऑर्लिन्सच्या सखल वस्तीत जितका खरा ठरला, तितकाच तो येथेही खरा आहे.

रेषा, याद्या आणि त्यांच्या मर्यादा

महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये नदीकाठच्या जमिनींसाठी दोन पूररेषांची पद्धत घालून दिली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. संकल्पना चांगली आहे. तिचा अर्थ मात्र सर्रास चुकीचा लावला जातो. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे एकदा पूर आला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नव्हे. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच. घरबांधणीचे कर्ज साधारणतः २० वर्षांचे असते. लाल रेषेवरील घराला त्या २० वर्षांत किमान एकदा पुराचे पाणी लागण्याची शक्यता सुमारे १८ टक्के निघते. निळ्या रेषेवरील घराची सुमारे ५६ टक्के. म्हणजे निळ्या रेषेशी घर बांधणाऱ्याच्या बाबतीत कर्ज फिटण्याआधी पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा अधिक आहे. आणि हे गणित मागील नोंदींवर बेतलेले आहे. वरच्या बाजूस जंगल विरळ झाले, खाली पूल झाला, काठाशी भराव पडला, तर रेषा कागदावर तेथेच राहते आणि पाणी पुढे सरकते.

येथे एक निरीक्षण अप्रस्तुत ठरू नये. नोकरदार वर्ग, ज्यात महाविद्यालयीन प्राध्यापकही आले, प्लॉट घेताना मुख्य दाराची दिशा, रस्त्याची रुंदी, शाळेचे अंतर आणि अकृषक परवाना इतके सारे कसोशीने तपासतो. लेआउटच्या नकाशावर ज्या जागी मोकळी पट्टी किंवा बगीचा दाखविला आहे, तेथे पूर्वी नाला होता काय, हे जुन्या शेतमालकास विचारणारे मात्र विरळा.

शासकीय याद्यांनी 'सुरक्षित' ठरविलेल्या जागांचाही महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तो परिसर देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर, हा पाठ्यपुस्तकातील धडा. हजारो माणसे जड दगडमातीच्या भिंतींखाली गेली. २००२ मध्ये प्रतवारीतून पहिला विभागच काढून टाकण्यात आला. रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. ती डोंगरावर होती, म्हणजे पुराच्या हिशेबाने अगदी सुरक्षित.

चंद्रपूर जिल्ह्यातील याच प्रकारचे उदाहरण घुग्घुसचे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी, म्हणजे त्या मोठ्या पुरानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, तेथील अमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने जीवितहानी टळली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे रिकामी करावी लागली. पुराच्या काळात उंच व कोरडी जमीन शोधणाऱ्यास अशा जागेत खोट काढता आली नसती.

जागा बदलावी की जागेवरची तयारी?

धोक्याच्या जागेवरून गाव उठविणे हा उपाय सांगण्यास सोपा आहे. किल्लारीनंतर लातूर-धाराशिव भागातील ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविली गेली. घरे भूकंपरोधक झाली, ही मोठीच जमेची बाजू. परंतु आखीव रस्त्यांच्या चौकटीत जुन्या गल्ल्या, भावकी आणि शेजार विस्कटला. गाव एवढे पसरले की म्हाताऱ्या माणसास देवळापर्यंत जाणे जड झाले. काहींची शेती लांब पडली. कालांतराने अनेकांनी नव्या घरांभोवती आपल्या सोयीचे आडोसे, गोठे, भिंती उभारल्या, आणि त्या पुष्कळदा भूकंपरोधक तंत्र बाजूस ठेवूनच. भूकंप कोठेही होऊ शकतो, म्हणून तेथे निदान गाव हलविण्याऐवजी घर बदलणे शक्य होते. पुराचे तसे नाही. तो एका विशिष्ट पातळीपर्यंतच येतो. म्हणून पुराच्या बाबतीत स्थलांतराचा विचार अधिक तर्कसंगत ठरतो, पण त्याचबरोबर अधिक अवघडही.

अवघड अशासाठी की, नदीकाठची माणसे नदीमुळेच तेथे आहेत. पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरची गाळपेर, भाजीपाल्याच्या वाड्या, मासेमारी, गुरांचे पाणी हे सारे काठाशी बांधलेले आहे. पाच किलोमीटर दूर, उंचावर दिलेला भूखंड शेतकऱ्याला पुरापासून वाचवितो आणि रोज दहा किलोमीटर चालवितो. परिणामी कुटुंबातील कर्ती माणसे हंगामात जुन्याच घरी राहतात, नवे घर कुलूपबंद असते, आणि कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झालेले असते. गडचिरोलीच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढा (लेखा) हे २००९ मधील त्याचे आरंभीचे उदाहरण. हे हक्क विशिष्ट गावाच्या विशिष्ट जंगलाशी जोडलेले आहेत. गाव हलले तर बांबू, तेंदू आणि मोहाच्या त्या हक्कांचे काय, हा प्रश्न पूरनियंत्रणाच्या कोणत्याही आराखड्यात आधी विचारला गेला पाहिजे. तो बहुधा शेवटी विचारला जातो, किंवा विचारलाच जात नाही.

या संदर्भात ओडिशाचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर राज्याने किनारा रिकामा केला नाही. तसे करणे अशक्यच होते. त्याऐवजी स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण उभारले, किनाऱ्यालगत बहुउद्देशीय निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आणि मे २०१९ मध्ये 'फणी' ही अतितीव्र वादळे त्याच किनाऱ्यावर आली. दोन्ही वेळी सुमारे दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकांना आधीच हलविण्यात आले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. जागा तीच, समुद्र तोच. बदलला तो इशारा आणि माणूस यांच्यामधील वेळ. अर्थात यामुळे घरे, नारळ, होड्या वाचल्या नाहीत. जीव वाचणे आणि जगणे वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव ठेवूनच ओडिशाचे कौतुक केले पाहिजे. जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागायतदारांचा अनुभव हाच होता : माणसे बहुतांशी वाचली, पण माड-पोफळीची वाडी पुन्हा उभी राहण्यास जी वर्षे लागतात ती कोणत्याही पंचनाम्यात मावत नाहीत.

गडचांदूरचे बेट

आता गडचांदूर. माणिकगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, चुनखडीच्या पट्ट्यावर वसलेले हे सिमेंट उद्योगाचे गाव वर्धा व पैनगंगा या दोन्ही नद्यांच्या काठापासून आत आहे. या नद्यांचे पाणी गावात येत नाही. जुलै २०२२ मध्ये राजुरा, कोरपना तालुक्यांतील नदीकाठच्या शेतांत कपाशी आणि सोयाबीन दिवसेंदिवस पाण्याखाली होते, तेव्हा गडचांदूरच्या बाजारपेठेत नद्यांचा पूर नव्हता. या अर्थाने ते सुरक्षित ठिकाण होय. काठावरच्या गावांतील ज्यांना शक्य आहे ती कुटुंबे येथे प्लॉट घेण्याचा विचार करतात, त्यामागे मुलांच्या शिक्षणाबरोबर हेही एक कारण असते.

परंतु नकाशा किंचित मोठा करून पाहावा. राजुरा, कोरपना आणि जिवती या तीन तालुक्यांचा भूभाग उत्तरेस पैनगंगा आणि पूर्वेस वर्धा यांनी उर्वरित जिल्ह्यापासून तोडलेला आहे. हा भाग पूर्वी निजाम राजवटीतील आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि नदी ही तेव्हा राज्याची सीमा होती. चंद्रपूरला जाण्याचे दोन मुख्य रस्ते, एक भोयगावच्या पुलावरून आणि दुसरा राजुरा-बल्लारपूरच्या पुलावरून, दोन्ही वर्धा नदी ओलांडतात. वणीकडे जावयाचे तर पैनगंगा आडवी येते. जुलै २०२२ मध्ये वर्ध्येवरील हे दोन्ही मार्ग बंद झाले. गाव कोरडे राहिले, पण त्याचे बेट झाले. कोरड्या घरात प्रसूतीच्या वेळी अडचण आली, हृदयविकाराचा झटका आला, डायलिसिसचा दिवस उजाडला, तर जिल्हा रुग्णालय नदीच्या पलीकडे असते. लाडजच्या बेटावर राहणाऱ्याला आपण बेटावर आहोत हे ठाऊक असते. त्याची होडी तयार असते. गडचांदूरच्या रहिवाशास ते वर्षातून दोन-चार दिवसच आठवते.

म्हणून येथील सुरक्षिततेचा विचार घराच्या जोत्यापाशी थांबत नाही. पुलाची पातळी लाल रेषेच्या वर आहे काय, पुलाकडे जाणारा भराव आणि त्यावरील रपटे कोणत्या पातळीस बुडतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत नदीच्या अलीकडे शस्त्रक्रियेची, रक्ताची आणि भूलतज्ज्ञाची सोय आहे काय, वरच्या धरणांच्या विसर्गाची सूचना मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी बोलणाऱ्यांपर्यंत कोणत्या माध्यमातून जाते, या गोष्टी जागेच्या निवडीइतक्याच निर्णायक आहेत. त्यांपैकी एकही प्लॉट विकत घेणाऱ्याच्या हाती नाही. शिवाय खुद्द गडचांदूरचे वाढते लेआउट डोंगरावरून उतरणाऱ्या नाल्यांच्या वाटेत येत आहेत. अमलनाला धरणाच्या खालच्या बाजूसही ओढे आहेतच. दोन नद्यांपासून सुटलेले घर एका नाल्यापासून सुटेलच असे नाही. उमरखेडची बस वाहून नेली तो नालाच होता.

याखेरीज उन्हाळा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात काही वर्षी पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. पूर चार दिवसांचा, उष्मा अडीच महिन्यांचा. पण उष्म्याने पडझड दिसत नाही, म्हणून त्याचा पंचनामा होत नाही आणि जागा निवडताना त्याची गणनाही होत नाही. काठावरचे झाडाखालचे कुडाचे घर सोडून पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या घरात आलेल्या वृद्धाच्या दृष्टीने कोणती जागा अधिक सुरक्षित, याचे उत्तर जुलैमध्ये एक आणि मे महिन्यात दुसरे असू शकते. पैनगंगेच्या काठावरील काही कुटुंबे व्यवहारात यावर आपला मार्ग काढताना दिसतात : म्हातारी माणसे, शाळेतील मुले, बियाणे आणि कागदपत्रे पावसाळ्यात गडचांदूर किंवा कोरपन्यातील नातलगांकडे, आणि कर्ती माणसे शेतावर, दिवाळीनंतर सारे पुन्हा गावी. शासनाच्या पुनर्वसन धोरणात अशा हंगामी, अर्ध्या स्थलांतरास स्थान नाही. त्यात गाव एक तर उठलेले असते किंवा न उठलेले.